चौकापुढची पेटी

भागी धवलेरीचं डोकं सणकलं ते पेटीच्या पहिल्या सुरालाच.

मासवणला बुधाच्या कमळीचं लग्न होतं. भिंतीवर पालघट देवीचा चौक लिहून झालेला, पुढ्यात नवरानवरी बसलेली. धवलेरीनं लग्नाचं गाणं नुसत्या गळ्यानं अखंड म्हणावं, तेव्हा कुठं लग्न लागतं. मध्येच तुटलं तर लागलं नाही, पोरगी बापाच्याच घरी. पण बुधा सहा महिने तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर काय गेला, त्याला वाटायला लागलं, साहेबलोक जेवायला येणार तर गाण्यालाही साज हवा. म्हणून पालघरचे कृष्णकांत मास्तर पेटीसकट आणले.

भागीचं गाणं आपल्या चालीनं चढत गेलं, पेटी होती तिथंच राहिली. मास्तरांनी हात वर केला. आजींचा सूर सुटतोय, म्हणाले.

गाणं तुटलं. आजवर शंभर लग्नं लावली असतील तिनं, असं थांबवायची कुणाची छाती झाली नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिकलेला माणूस तो, गप्प कसला बसतोय? मास्तर समजावायला लागले. अशा बिनसाथीच्या गाण्याला ‘आ कापेला’ म्हणतात, शब्द इटलीचा, अर्थ चर्चमधल्या प्रार्थनाघरात गातात तसं. तिथं नुसते गळेच असायचे असं लोक धरून चालतात, पण कित्येकदा वाद्यंही हळूच साथ करायची. मग इथं केली तर काय बिघडलं?

“तुमच्या त्या देवाला चाललं आसंल,” भागी म्हणाली. “आमची पालघट देवी नुसत्या गळ्यानं येते. माझ्या गाण्यात काय कमी हाय, म्हणून तुमी भर घालता?”

बुधा खुर्चीवरच्या साहेबांकडे बघत पुटपुटला, की आता उशीर झालाय, चार ओळी म्हण आणि आटप. मेल्याला पोरीपेक्षा साहेबाची भूक मोठी! भागी पदर खोचून उठलीच.

तिचं लुगडं कुणीतरी धरलं. नवरीनं मान वर करायची नसते, पण कमळीनं केली होती.

“आजी, बस. पयल्यापासून म्हण.” मग बापाकडे वळून म्हणाली, “बा, मला अर्धं लग्न लावून धाडू नको.”

बुधानं खाली मान घालून पेटी उचलली आणि साहेबांच्या पुढून नेऊन आंब्याखाली ठेवली.

भागी बसली. राग काही उतरला नव्हता. त्या रागात तिनं एकही ओळ गाळली नाही, उलट सूर आणखी चढवला, आणि मागच्या बायका तिच्याबरोबर चढल्या. साहेबलोक घड्याळं बघत उपाशीच उठून गेले. कुणी त्यांना थांबवलं नाही. दिवस कलायला लग्न लागलं, आणि ते पुरं लागलं.