सेक्रेटरींच्या हस्ते

“साहेब, बाजूले व्हा. बुटाचे ठसे उमटून राहिले.”

खुशालराव मागे सरकले. गोदाबाईने त्यांच्या ठशांवरून गोणपाट ओढलं आणि वाळू पुन्हा कोरी केली. आसपास कोणी नव्हतं. लांब मांडवात खुर्च्या लावल्याचे आवाज येत होते.

“माय, आज मी सांगतो सगळ्याईले.”

“हळू बोल.” तिने मान वर केली नाही. “काय सांगतं?”

“तू माही माय हायेस म्हणून.”

“इतकी वर्सं नाही सांगतलं, त आताच काहून? उद्यापासून मी नसनच इथं.”

“म्हणूनच.”

“गप ऱ्हाय. तुह्या नोकरीचे दिवस बाकी हायेत अजून. सरक, गोल मोडला माहा.”

अमरावतीहून अकोल्याकडे निघालं की टेकडीच्या पायथ्याशी हा गोल्फ क्लब आहे. इथली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की गवत तग धरत नाही. म्हणून चेंडू शेवटी जिथे खळग्यात ढकलायचा, तिथे हिरवळीऐवजी वाळूचा गोल असे. जळकं ऑइल कालवून दाबलेली, काळपट वाळू. तिला सगळे ब्राऊन म्हणत. खेळणारे पुढे गेले की त्यांची पावलं पुसायची, मागून येणाऱ्यांसाठी वाळू पुन्हा कोरी करायची. खळग्यापासून सुरुवात करून बाहेर बाहेर फेरे घ्यायचे, गोणपाट मागे ओढत. म्हणजे ओढणारीचं पाऊलही मागे उरत नाही. गोदाबाई फेऱ्यागणिक गुणगुणायची,

*गोल गोल माहा फेरा, वाळूच्या गं अंगणाले,*
*पाय माहा दिसू नाही, येनाऱ्या गं पाव्हन्याले.*

याच वाळूच्या कडेला खुशाल लहानाचा मोठा झाला. चेंडू शोधले, पिशव्या वाहिल्या, बी.कॉम. केलं, क्लबात कारकून झाला. ज्या दिवशी तो ऑफिसच्या खुर्चीवर बसला, त्या दिवशी राजापेठेतल्या खोलीत गोदाबाईने त्याला भाकर वाढली आणि म्हणाली, “तिथं मले माय म्हणू नको. ऑइलवालीचा पोट्टा म्हणतीन तुले.” तो हसला होता. पण दुसऱ्या दिवशी ती समोरून आली, बाजूला झाली आणि म्हणाली, “नमस्कार साहेब.” आणि त्याने मान हलवली. एकदा हललेली मान मग हलतच राहिली, कारकुनाचा सेक्रेटरी झाला तरी. जुने मेंबर वारले, पुण्या-मुंबईला मुलांकडे गेले. नव्यांना काही ठाऊक नव्हतं. कामाच्या बायांना ठाऊक होतं. पण दुसरीने विश्वासाने ठेवायला दिलेला सोन्याचा डाग जपावा, तसं त्यांनी ते जपलं होतं.

आज नव्या हिरवळीचं उद्घाटन होतं. बोअरचं पाणी, फवारे, बाहेरून आणलेलं गवत. उद्या सगळे ब्राऊन उखडायचे होते. वाळूवरच्या बायांना आज एकेक साडी आणि रामराम.

क्लबचे अध्यक्ष शेखरबाबू, कापसाच्या जिनिंगवाले, मांडवात घाम पुसत उभे होते.

“खुशालराव, त्या म्हातारीचा सत्कार पाहुण्यांच्या हातून नका ठेवू.”

“का सर?”

“हात पाहिले का तिचे? पाहुणे नागपूरहून आले, पांढऱ्या कपड्यात. ऑइल लागलं त फोटोचा सत्यानाश. तुमीच देऊन टाका.”

खुशालरावांनी आपल्या ब्लेझरच्या बाह्या उगाच खाली ओढल्या. “बरं सर,” म्हणाले.

भाषणं झाली. पाहुण्यांनी हिरवळीवर चेंडू ढकलला, तो खळग्यात पडला नाही; तरी टाळ्या पडल्या. मग शेखरबाबूंनी माईक घेतला. “आता आपल्या सगळ्यात जुन्या मावशी. या मावशी. नाव काय तुमचं?”

“गोदाबाई.”

“पुढं?”

तिचं आणि सेक्रेटरींचं आडनाव एकच होतं. “पुढं काही नाही साहेब. इतकंच.”

लोक हसले.

“बरं, गोदाबाईंचा सत्कार आपल्या सेक्रेटरींच्या हस्ते!”

खुशालराव पुढे झाले. वाक्य तयार होतं. सकाळी दाढी करताना आरशात म्हणून पाहिलं होतं: ही माझी आई आहे. माईक हाताच्या अंतरावर होता. साडी तिच्या हातांवर ठेवताना त्यांना तिच्या नखांतली काळी रेघ दिसली, आणि तिचे डोळे. डोळे नको म्हणत होते. ते डोळे नको म्हणत होते हे खरं. आणि त्यामुळे आपल्याला किती सोपं झालं, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

फोटोवाला म्हणाला, “सर, इकडं पाहा.” त्यांनी पाहिलं.

गोदाबाई माईकजवळ वाकून म्हणाली, “साहेबाईनं लय सांभाळलं मले.” आणि खाली उतरली.

जेवणाची वेळ झाली तेव्हा शेखरबाबू एकटे सापडले. खुशालरावांचं ते वाक्य अजून म्हणायचं राहिलं होतं.

“सर, एक सांगायचं होतं. त्या गोदाबाई... माझी आई आहे ती.”

शेखरबाबूंनी हातातली प्लेट खाली केली. त्यांचा चेहरा खरंच पडला.

“अरे! काय माणूस हाय तुमी! आधी नाही का सांगायचं? साडी जरा बरी घेतली असती न.”

खांद्यावर थाप मारून ते पाहुण्यांकडे गेले. बस, एवढंच. ज्याच्या भीतीने इतकी वर्षं नुसती मान हलवली, ते एवढंसंच होतं.

मांडवामागे ताडपत्रीवर कामाच्या बायांची पंगत बसली होती. खुशालरावांनी एक पत्रावळ उचलली आणि तिकडे चालू लागले. पंगतीत बायांचं हसणं चाललं होतं.

“गोदामाय, साडी मले दे वं,” पंचफुला म्हणत होती. “तुले कुठं मिरवाची हाय आता?”

“मेल्यावर ने. तवरक थांब.”

खुशालराव गोदाबाईच्या शेजारी, ब्लेझरसकट, मांडी घालून बसले. पत्रावळ समोर ठेवली.

हसणं थांबलं. मांडवाच्या फटीतून दोन मेंबर इकडे बघत होते.

सगळ्यात आधी गोदाबाई उठली. तोंडात घास होता, पत्रावळ हातात होती. पदर डोक्यावर ओढून ती बाजूला उभी राहिली. ती उठली म्हणून पंचफुला उठली, मग पलीकडच्या दोघी, मग सगळी रांग. वाढप्याने घाईघाईने खुशालरावांच्या पत्रावळीवर बुंदी घातली, साहेबांना वाढायची तशी, जरा जास्त.

सगळ्या उभ्या होत्या. पंगतीत ते एकटेच बसले होते.