मला उचलायचं नाही

आधीच सांगून टाकते, मी रागीट बाई आहे. ठाकुर्लीत तीस वर्षं दहावीच्या पोरांना गणित शिकवतेय. पोरं माझ्यामागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. दीड वर्षाची असताना पोलिओनं माझे दोन्ही पाय गेले. त्याबद्दल आता माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे ते उचलण्याशी.

लग्नाचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे? उचला मायाला. लेण्यांना पायऱ्या आहेत? उचला मायाला. एक मामा इकडून, एक काका तिकडून, पायांकडे कुणीतरी अनोळखी बाप्या. साडी कुठल्या कुठे, आणि सगळे ओरडतात, ‘सांभाळून, सांभाळून!’ मला वेगळं उचलतात, खुर्चीला वेगळं, आणि जपतात मात्र खुर्चीलाच जास्त. पन्नाशी झाली त्या दिवशी केक कापायच्या आधी मी घरात जाहीर केलं की बस झालं, यापुढे मला उचलायचं नाही. बॅटरीची खुर्ची घेतली आहे, ती जिथं जाईल तिथं मी जाईन. नाहीतर घरी बसून पेपर तपासेन.

चार वर्षं पेपरच तपासले म्हणा.

मग एका रविवारी माझी भाची मेघना मोबाईल नाचवत आली. ती ठाण्याला एका ट्रॅव्हल कंपनीत कामाला आहे. “आत्या, हे बघ! नाईल नदीवरची क्रूझ!” व्हिडिओत माझ्यासारखीच खुर्चीतली एक गोरी बाई ऐटीत फळीवरून बोटीत शिरत होती. पुढच्या चित्रात तीच बाई हजारो वर्षांच्या देवळासमोर टोपी घालून बसलेली. कुणी उचललं नव्हतं तिला. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला आणि पाचव्यांदा बघताना मला राग आला.

“इजिप्त कशाला?” मी म्हटलं. “आपल्याकडे नदी नाही की जुनं काही नाही? ही उल्हास नदी आपल्या मागून जाते, तिची खाडी होते, ती थेट वसईला समुद्रात. वसईजवळ सोपाऱ्याचा स्तूप आहे. जुन्या काळी व्यापारी होड्यांतूनच सोपाऱ्याला यायचे ना? मग मी का नाही जायचं?”

कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली माझी आई, भीमाबाई, तिथून म्हणाली, “मी पण येणार.”

आई ऐंशीची. थंडीत न्यूमोनिया होऊन दहा दिवस इस्पितळात काढून आलेली. आल्यापासून तिचं एकच चाललेलं, एकदा सोपाऱ्याचा स्तूप बघायचा आहे, मग काय व्हायचं ते होऊ दे. ते ‘मग काय व्हायचं ते’ ऐकलं की मी घाईघाईनं विषय बदलायचे. त्यामुळे ही सहल झाली पाहिजे आणि लवकर झाली पाहिजे, हे त्याच क्षणी ठरलं.

माझा धाकटा भाऊ महेंद्र खिडक्यांच्या जाळ्या आणि लोखंडी गेटं बनवतो. त्यानं डोंबिवलीच्या मोठागावचा जगन भोईर शोधून काढला. खाडीत मासेमारी करणारा माणूस, स्वतःची रुंद, इंजिनाची होडी. वसईला उतरायची चिंता नव्हती, तिथं गाड्या चढवायचा उतरता धक्का आहे. पुढे सोपाऱ्यापर्यंत आमचा मावसभाऊ धम्मपाल त्याचा टेम्पो आणणार होता. अख्खा प्रवास टेम्पोनंच का नाही, असं महेंद्रनं एकदाच विचारलं. टेम्पोत मी सामान असते आणि होडीत प्रवासी, असं मी त्याला एकदाच सांगितलं.

प्रश्न होता मोठागावच्या धक्क्यावरून होडीत शिरायचा. आम्ही सकाळी नऊला जाऊन मापं घेतली. होडीचा काठ धक्क्यापेक्षा दीड फूट खाली होता. मी तिथल्या तिथे गणित केलं: नऊ फुटांची फळी, उतार जेमतेम दहा अंश. माझी खुर्ची आरामात उतरेल. महेंद्रनं पुढे त्याच मापाची, दोन्ही बाजूंना कठडा असलेली झकास लोखंडी फळी बनवली. मापं घेऊन निघताना जगन म्हणाला, “आज अष्टमी हाय ना ताई, आता पुढच्या अष्टमीला या. हाच टाइम, हेच पानी.”

आता माझी अक्कल बघा. घरी येऊन कॅलेंडर उघडलं, तर मधेच बुद्ध पौर्णिमा! मी म्हटलं, आपण आणि स्तूप बघायला अष्टमीला? छे! जायचं तर पौर्णिमेलाच, पांढरी साडी नेसून. जगनला फोन लावला. त्याच्या पुतण्याची हळद चाललेली. मोठागावच्या हळदीचा डीजे म्हणजे काय ते डोंबिवलीत राहणाऱ्यांना सांगायला नको. मी ओरडून म्हटलं, “अष्टमीऐवजी पौर्णिमेला येतो, नऊलाच!” तोही ओरडला, “या, या! बिनधास्त या!” त्या रात्री त्याला कुणी होडी मागितली असती तरी त्यानं देऊन टाकली असती.

पौर्णिमेला सकाळी पावणेनऊला आम्ही धक्क्यावर. आई पांढऱ्याशुभ्र साडीत, हातात मेणबत्त्यांची पिशवी. मी पांढऱ्या साडीत. मेघना जीन्सवर पांढरा कुर्ता घालून, मोबाईल तयार ठेवून. महेंद्र खांद्यावर फळी घेऊन पुढे गेला आणि जागेवरच थांबला.

“ताई,” तो म्हणाला, “पाणी कुठाय?”

पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण पार मधे, एखाद्या गटाराएवढं. अलीकडे नुसता काळा चकचकीत चिखल, आणि त्या चिखलात, धक्क्याच्या चांगली आठ फूट खाली, जगनची होडी निवांत बसलेली. नऊ फुटांची फळी, आठ फूट खोल. कोन त्रेसष्ट अंश. त्याला उतार म्हणत नाहीत, घसरगुंडी म्हणतात.

जगन डोकं खाजवत आला. “पुनवेला उधान असतं ना ताई. पानी चढतंय बी लय, उतरतंय बी लय. अष्टमीला नवाला भरती, पुनवेला नवाला सुकती. तुमी मला बोललाव कधी पुनवेचा?”

“बोलले होते! हळदीत!”

“हळदीत कोनाला ऐकू येतं?” तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

चोपन्न वर्षं खाडीच्या काठच्या गावात राहून मला हे माहीत नाही! आणि पोरांना सांगते, उत्तर काढण्याआधी उदाहरण नीट वाचा. जगन म्हणाला, पाणी यायला एक वाजेल, म्हणजे चार तास. वर रणरणतं ऊन. आईला धाप लागलेली मला ऐकू येत होती. घरी परत न्यावं, तर हिला पुन्हा बाहेर काढायला डॉक्टर परवानगी देईल का, आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत... मी विचार तिथंच थांबवला.

तोपर्यंत धक्क्यावर माणसं जमलीच होती. उचलायचं म्हटलं की आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. “ताईंना घेऊ की आपन,” एकजण बाह्या सरसावत म्हणाला. “चौघं जन खाली शिडीवरशी, आजींना बी तसंच, मंग होडी ढकलू पान्यात, दोन मिनटाचं काम!” महेंद्र माझ्याकडे बघायला तयार नव्हता. त्याला माझा नियम ठाऊक होता, आणि आईची छातीही ठाऊक होती.

मी आईकडे बघितलं. मेणबत्त्यांची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून ती खाली होडीकडे बघत होती.

“उचला,” मी म्हटलं.

मेघना म्हणाली, “आत्या, नको गं.” मी तिच्यावर खेकसले. चूक माझी होती, ती मीच निस्तरणार होते. चौघं वाकले. काखेत हात आले, गुडघ्यांखाली हात आले, तंबाखूचा वास आला. ‘सांभाळून, सांभाळून’ सुरू झालं.

“ठेवा खाली तिला!” आईचा आवाज. न्यूमोनियानंतर असा आवाज मी ऐकलाच नव्हता. “ठेवा म्हणते ना!”

हात निघून गेले. आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“डोळे मिटलेस ना?” ती म्हणाली. “आत्ता मिटलेस. लहानपणापासून मिटतेस. नागपूरला दीक्षाभूमीवर तुला कडेवर घेऊन गेले, तू डोळे मिटलेले. वेरूळच्या पायऱ्या तुझ्या बापानं पाठुंगळी चढवल्या, तू डोळे मिटलेले. मला वाटायचं पोर झोपली. तू दहा-बारा वर्षांची झालीस तेव्हा मला कळलं, ही झोपत नाही, ही लाजते. एवढी तुला घेऊन फिरले मी, माया, आणि तू काहीच बघितलं नाहीस.”

कुणाला हे ठाऊक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी रडले, सगळ्या मोठागावासमोर रडले, आणि त्याची मला लाजसुद्धा वाटली नाही.

“मला स्तूप एकटीला नाही बघायचा,” आई म्हणाली. “पाण्याला येऊ दे सावकाश. मी कुठं पळून चाललेय?” आणि जगनकडे वळून तिनं विचारलं, “भाऊ, सावली कुठं आहे?”

सावली जगनच्या ओसरीवर होती. त्याच्या बायकोनं, सगुणानं, आईला पंख्याखाली खाटेवर आडवं केलं, उशी दिली, ताक दिलं. आई दहा मिनिटांत घोरायला लागली. सगुणा तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसली. ओसरीला पायरी होती म्हणून मी अंगणात आंब्याखाली राहिले, तर सगुणा चूल सोडून शेगडी घेऊन अंगणातच आली. “तुमी आत येत नाय तर मी भायेर,” ती म्हणाली. भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. नाईलवरच्या त्या बाईला हे मिळालं असेल असं वाटत नाही.

पण स्वस्थ बसेन तर ती मी कसली! धक्क्यावर जाऊन महेंद्रकडून खांबावर खडूनं खुणा करून घेतल्या. दर अर्ध्या तासाला पाणी किती चढलं ते मेघनाच्या मोबाईलमध्ये लिहिलं, आलेख काढला आणि जाहीर केलं: बारा वाजून चाळीस मिनिटांनी होडी धक्क्यापेक्षा दीड फूट खाली असेल. पुढे उशीर केला तर ती वर जाईल आणि आपण उलटे चढत बसू. जगन ताटात भात कालवत होता. मान वर न करता म्हणाला, “हां. जेवन आटपलं की निंगू.”

जेवण बारा पस्तीसला आटपलं. यापुढे त्याच्यासमोर आलेख काढायचा नाही, हे मी ठरवलं.

फळी लागली. महेंद्रनं वर उभं राहून, नाचून ती तपासली. चौघं बाह्या सरसावलेले अजून तिथंच होते, पण आता हात मागे बांधून. मी खुर्चीचा दांडा पुढे ढकलला. पुढची चाकं फळीवर आली, पाणी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना दिसायला लागलं, हिरवट, गढूळ, खालून ढकलत वर येणारं. डोळे मिटावेसे वाटले, अगदी खरं सांगते. नाही मिटले. दहा अंश, नऊ फूट, आणि मी होडीत.

“आलीस?” काठावरून आईनं विचारलं.

“आले!” मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या किनाऱ्यावरचे बगळे उडाले. सगळ्या धक्क्यानं टाळ्या वाजवल्या. तंबाखूवाला म्हणाला, “च्यायला, सोप्पं होतं की.”

पुढचे साडेतीन तास मी काय बघितलं ते सांगायला बसले तर तुम्हाला जेवायला उशीर होईल. मुंब्र्याचा डोंगर मी गाडीतून शंभर वेळा बघितलेला, पण तो पाण्यातून बघायचा असतो. गायमुखाजवळ दोन्हीकडे झाडी जवळ आली, तेव्हा आईनं माझ्या डोक्यावर पदर धरला, ऊन लागू नये म्हणून, आणि मी तो बाजूला केला, दिसावं म्हणून. वसईच्या उतारावर होडी टेकली, फळी पडली, मी उतरले, धम्मपालच्या टेम्पोत त्याच फळीवरून चढले. अर्धा तास सामान झाले. चालवून घेतलं.

स्तुपापाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पौर्णिमेची गर्दी, सगळीकडे पांढरे कपडे, बुद्धवंदना चाललेली. विटांचा तो बसका, शांत स्तूप मधे. आईनं मेणबत्त्या लावल्या, डोकं टेकवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मी वाट बघितली. मग भोवतीच्या वाटेनं आम्ही प्रदक्षिणेला निघालो. मला कुणी ढकलत नव्हतं, धरत नव्हतं. वाट सपाट होती, बॅटरी भरलेली होती, आणि मी निघाले ती विटा बघत, माणसं बघत, सुटलेच.

“माये!” मागून धापा टाकत आईची हाक आली. “अगं हळू चाल की जरा! मला येऊ दे तुझ्याबरोबर!”

चोपन्न वर्षांत मला कुणी हळू चाल म्हटलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी हातभर पुढे गेले, म्हणजे ती परत एकदा ओरडेल.