नव्या पायावरची घोंगडी

मित्रांनो, खुर्चीवरची ही जाडजूड, एका कोपऱ्यात कडक झालेली जुनी घोंगडी दिसते ना, तीच मी. वय विचाराल तर निल्दाएवढंच. ती जन्माला येणार म्हणून तिच्या आईने, लेओकादियाबाईंनी, मला लामा नावाच्या उंटासारख्या जनावराच्या लोकरीने विणलं. आमच्या बोलिव्हियाच्या पठारावर जूनमध्ये, म्हणजे ऐन हिवाळ्यात, बादलीतलं पाणीही रातोरात दगड होतं. मायलेकी माझ्याच उबेत झोपायच्या, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका!

लग्नानंतर निल्दा सासरी एका खोलीत आठ माणसांत राहत होती. दोन वर्षं एकेक पोतं सिमेंट जमवून तिने आईच्या अंगणाशेजारी स्वतःच्या घराचा पाया घालायचं ठरवलं. नवऱ्याला खाणीतून सुट्टी मिळाली ती नेमकी जूनमध्ये.

थंडीत काँक्रीट सकाळीच ओतायचं, म्हणजे त्याला दिवसभराचं ऊन मिळतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण आधी पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, नैवेद्य जाळायचा आणि त्याची पांढरी राख होईपर्यंत फावड्याला हात लावायचा नाही. त्या दिवशी गोवऱ्या दमट निघाल्या. नैवेद्य नुसता धुमसत राहिला.

"मावशी, दुपार झाली. ओतू का आता?" सेनोबियो मिस्त्रीने विचारलं.

"तिचं जेवण अर्धवट, आणि आपण तिच्या अंगावर फावडी चालवायची? थांब मुकाट्याने!" लेओकादियाबाई कडाडल्या.

राख पांढरी व्हायला तीन वाजले. काँक्रीट चरात पडेपर्यंत सूर्य डोंगराला टेकला. मिस्त्रीने वर गवत पसरलं आणि मान हलवली. "एवढ्याने भागायचं नाही. हे गोठलं तर उद्या उन्हात नुसता भुगा होईल."

निल्दाला रडूच कोसळलं. लेओकादियाबाई आत गेल्या आणि मला खांद्यावर टाकून आल्या.

"आई, अगं तू काय पांघरशील?"

"उशीर माझ्यामुळे झाला ना? मी बसते चुलीला चिकटून. घाल!"

ते पाहून शेजारीही आपापल्या घोंगड्या घेऊन आले. मला आधी फार अपमान वाटला. मी पलंगावरची, आणि चिखलात! पण थोड्या वेळाने खालून ऊब येऊ लागली. काँक्रीट घट्ट होताना स्वतःच तापतं, हे मला तेव्हा कळलं. ती ऊब मी निसटू दिली नाही. मला तान्ह्या निल्दाची आठवण झाली.

सकाळी निल्दाने पाय आपटून पाहिला. "मिस्त्री, टणक झालंय की!"

"गोठलेलंही टणकच लागतं, बाई. ऊन वर येऊ दे."

दुपारी मिस्त्रीने माझा चिकटलेला कोपरा सोडवला आणि खिळ्याने जोरात ओरखडलं. भुगा पडला नाही, नुसती रेघ उमटली.

"मावशी, तुमची पाचामामा पोटभर जेवली बरं का!" तो म्हणाला, आणि लेओकादियाबाई शिंकत शिंकत हसल्या.

पुढे गल्लीतल्या कितीतरी नव्या घरांच्या पायांवर मी पसरले. मग बाजारात हलक्या चादरी आल्या, आणि मी कोठीत उंदरांच्या हवाली झाले. मित्रांनो, राग नाही, पण काम झालं की आम्हाला झटकावं, उन्हात घालावं, एवढीच आमची अपेक्षा असते.

यंदा निल्दाने मला शोधून धुतलं. आता त्याच घरात, खिडकीतल्या उन्हात, मी खुर्चीत बसलेल्या लेओकादियाबाईंच्या गुडघ्यांवर असते.

"आई, हा सिमेंटचा कोपरा टोचतो ना? कापून टाकू?"

"हात तर लाव!" म्हातारी तो कोपरा मुठीत धरून म्हणते. "तुझं घर इथून सुरू झालंय."