पारा मला पिळता येत नाही

घाबरू नका, मी साप नाही. जर्मनीत, हायडेलबर्गमधल्या एका घराच्या भिंतीवर टांगलेली, माणसाच्या उंचीची विणलेली नळी आहे मी. ज्या कंदाचा साबुदाणा तुम्ही उपासाला खाता, त्याची एक कडू जात असते. तशीच खाल्ली तर विष. तो कंद किसून माझ्यात भरतात आणि खालच्या कडीत दांडका घालून त्यावर बाई बसते. मी ताणले जाते, आवळले जाते, विषारी पाणी गळून जातं. उरलेल्या पिठाची भाकरी होते.

माझं गाव वायाना लोकांचं, दक्षिण अमेरिकेच्या रानात. नदीच्या अलीकडे फ्रान्सचं राज्य, पलीकडे सुरिनाम. रस्ता नाही, होडीनेच यायचं. आमच्यात विणायचं काम पुरुषांचं. आलीनच्या बापाने मला लेकीसाठी विणलं.

पुढे नदीच्या वरच्या अंगाला सोनं काढणारे आले. सोन्यासाठी ते पारा वापरतात. पारा पाण्यात गेला, पाण्यातून माशांत, माशांतून माणसांत आणि पोटातल्या बाळांच्या मेंदूत. कंदातलं विष मी काढते, माशातलं मला निघत नाही.

मग यशोधन आला. मूळ पुण्याचा, इथे हायडेलबर्गला संशोधन करणारा. बायकांचे केस तो पाकिटात घालून नेत होता. केसांवरून अंगातला पारा कळतो म्हणे. आलीनला तेव्हा तिसरा महिना होता.

"चार महिन्यांत कळवतो," तो म्हणाला.

"नक्की कळव. जास्त निघाला तर मी खाली मावशीकडे जाऊन राहीन. तिच्याकडे कोंबड्या आहेत. इथे माशांशिवाय काय खाऊ?"

मग तिने मला आढ्यावरून काढून त्याच्या हातात दिलं. "ही ने. घरात दिसत राहील, म्हणजे विसरणार नाहीस."

इथे मला हीटरच्या वर टांगलं. माझ्या कांब्या सुकल्या, तडकायला लागल्या. घरात त्याची बायको लतिका आणि तान्ही ईप्सिता. लतिका दिवसातून दोनदा लेकीचं वजन करायची. एकदा तिने फडक्यात बांधलेलं दही माझ्यात भरलं आणि मला न्हाणीघरात टांगलं.

"अगं, ते संशोधनाचं सामान आहे," यशोधन म्हणाला.

"नुसतं लटकतंय की. चक्का बघा कसा घट्ट झालाय."

श्रीखंड त्याने दोनदा घेतलं. कित्येक महिन्यांनी मी ओली झाले होते. बरं वाटलं.

जेवता जेवता तिने विचारलं, "हे दिलं कुणी तुम्हाला?"

त्याने आलीनचं सांगितलं.

"मग उत्तर आलं का तिचं?"

"तीन महिने झाले. मर्यादेच्या तिप्पट."

"तिला कळवलंत?"

"पेपर छापून येईपर्यंत नाही, असं प्रोफेसर म्हणतात. शिवाय डाटेनशुट्झ, गोपनीयतेचा कायदा आहे, नावं उघड करता येत नाहीत."

"तिचं तिलाच सांगायला कसला आलाय डाटेनशुट्झ?"

"आल्झो... म्हणजे, इतकं सोपं नसतं ते."

"अहो, लेकीचा ताप मोजायला मला दोन मिनिटं उशीर झाला तर तुम्ही घर डोक्यावर घेता."

तो ताट घेऊन उठला. आठ दिवस दोघं कामापुरतंच बोलत होती. शेवटी रविवारी त्याने आलीनच्या गावातल्या दवाखान्यात फोन लावला. नर्सने आलीनला बोलावून आणलं. तो तिच्याशी फ्रेंचमध्ये बोलायचा आणि लतिकाला मराठीत सांगायचा.

आलीन बाळंत होऊन पाच आठवडे झाले होते. मावशीकडे ती गेलीच नव्हती. निरोप नाही, म्हणजे आपलं ठीक असणार, असं धरून ती रोज मासे खात राहिली. त्याने आकडा सांगितला.

"विचारा ना, बाळ कसं आहे," लतिका म्हणाली.

त्याने विचारलं. ऐकलं. मग हळूच म्हणाला, "शांत आहे म्हणते. रडतच नाही. दुधालासुद्धा उठवावं लागतं."

लतिकाने झोपलेल्या ईप्सिताला उचललं आणि तिचे गाल हलवून हलवून तिला जागं केलं. पोरगी रडायला लागली. लतिका तिला रडू देत होती.

माझ्या तीन कांब्या तुटल्यात. आता ना कंद पिळता येईल, ना दही. त्याचं काही नाही. पण केस दिलेल्यांच्या यादीत अजून एकवीस बायका आहेत आणि नर्स म्हणते, त्यांतल्या चौघी आत्ता पोटुशी आहेत. यशोधन म्हणतो, सोमवारी प्रोफेसरांना विचारतो. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. त्याला सांगा, आज रविवार आहे, दवाखाना उघडा आहे, नर्स तिथेच आहे. फोन अजून ठेवू नकोस म्हणावं.