चहा निवेपर्यंत

“परत कधी येणार, बू विद्या?” पोनियेम आजीनं मानाचं ‘बू’ लावून विचारलं. विद्यास्तुती वहीत टिपत होत्या: नऊ वाजून पाच, आरोग्य केंद्र उघडं, नर्स हजर, गोळ्या शिल्लक.

“आता नाही, आजी. अभ्यास संपला. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय.”

“अगं बाई! मग आमच्या म्हाताऱ्याच्या साखरेच्या गोळ्या?”

“नर्स देईल की.”

रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. “ती? तुम्ही आलात की येते. एरवी कुलूप, आणि त्यालाही गंज!”

विद्यास्तुतींचं पेन थांबलं. जोगजा शहरातल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवता शिकवता बावीस वर्षं त्या खेडोपाडी, न कळवता, केंद्रं तपासत होत्या. शंभरातल्या चौऱ्याण्णव भेटींत नर्स हजर, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर तर त्यांचं नाव झालं होतं. मात्र गावात शिरताना आधी गावप्रमुखाकडे चहा, मग बाकी सगळं, ही रीत मोडावी असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. स्वतःचा गुरुवारचा रोजा असला तरी कप पुढ्यात ठेवून, तो निवेपर्यंत बसायचं.

त्या तशाच तरातरा गावप्रमुख सुरोतोंच्या ओसरीवर गेल्या.

“पाक सुरोतो, मी इथं बसले की तुम्ही नर्सला फोन करत होतात?”

“मग काय, पाहुण्यांना कुलूप दाखवू? गावाची अब्रू आहे, बू.”

“तुमच्या अब्रूपायी माझी बावीस वर्षं मातीत गेली!”

“असं कसं? तेवढ्या दिवशी तरी लोकांना औषध मिळालं ना?”

विद्यास्तुतींनी वही मिटली आणि त्या ओसरीच्या पायऱ्या उतरल्या.

निष्कर्ष चुकला आहे, मागे घ्या, असं त्यांनी विद्यापीठाला तीनदा कळवलं. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं: अहवाल छापून झाला आहे, आता घोळ नको. सोबत निरोप समारंभाचं आमंत्रण होतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी त्या पहाटेचं खाणं उरकून, रोज्याचा संकल्प करून बसमध्ये बसल्या. ओसरीवर कप पुढ्यात आला.

“अभ्यास संपला म्हणालात ना, बू?” सुरोतो गोंधळले.

“संपला.”

“मग आज?”

“चहा निवतोय, पाक. फोन लावा.”

त्या केंद्रावर पोचल्या तेव्हा दार उघडं होतं. पोनियेम आजीनं बाकावर सरकून जागा दिली. विद्यास्तुतींनी वही मांडीवर उघडली. नर्स चटकन सावरून बसली, गोळ्या मोजू लागली.

पेन मात्र त्यांनी पिशवीतून काढलंच नाही.