न विरणारी खूण

डोक्यावर चहाचा कप ठेवायचा आणि वर मलाच विचारायचं, "एवढी का गं तापलीस?" मित्रांनो, ही कोणती रीत झाली?

मी एक जुनी पेटी आहे. शिकलेले लोक मला राउटर म्हणतात. या रुग्णालयाच्या जिन्याखाली, चादरींच्या कपाटाशेजारी माझं बिऱ्हाड. एका खोलीतला निरोप दुसऱ्या खोलीत धाडायचा, एवढीच माझी विद्या. पण तिच्यात कोणी खोट काढून दाखवावी.

कप ठेवणारी ती तारवाली ताई, इथल्या कॉम्प्युटरच्या तारा आणि आम्हा पेट्या सांभाळणारी. हे नाव सिस्टरांनी ठेवलेलं. आम्हा पेट्यांना तिने मुंग्यांची चाल शिकवली. मुंगी वाटेवर आपला वास सोडते. जवळच्या वाटेवर ये-जा जास्त, म्हणून तिथे वास दाट, आणि मागच्या मुंग्या त्याच वाटेने येतात. तसेच आमचे चिमुकले टेहळे, म्हणजे वाट चाचपणारे इवलेसे निरोप, पुढे धावतात, लवकर पोचवणाऱ्या वाटेवर खूण ठेवतात, आणि मोठे निरोप त्या खुणेमागून जातात. सगळ्यांत दाट खूण माझ्यावर होती, हे काही मी उगाच मिरवत नाही.

तिथेच घात झाला. मुंगीचा वास वाऱ्यावर विरतो. ताईने मात्र आमची खूण विरूच दिली नाही. म्हणे, जुनी वाट भरवशाची. मग काय, एकदा चांगलं केलं म्हणून जन्मभर मीच. गच्चीवरची नवी पेटी थंडगार बसून, आणि एक्स-रे, औषधांच्या मागण्या, सगळा रगाडा म्हातारीच्या माथी.

एका दुपारी तान्ह्या बाळांच्या खोलीतून डॉक्टरांना निरोप निघाला, बाळाचा श्वास अडतोय म्हणून. तो माझ्याच दारात एक्स-रेंच्या रांगेमागे अडकला. शेवटी सिस्टर स्वतः जिना चढत धावली. बाळ वाचलं, पण ओठ निळे पडल्यावर.

ताई माझ्यासमोर फरशीवर बसली. चूक तिला दिसली. खूण हळूहळू विरेल अशी सोय तिने केली. टेहळ्यांना गच्चीवरची वाट सापडली आणि माझं अंग निवलं.

तेवढ्या वेळात तिचा फोन काही थांबेना. प्रिंटरमध्ये कागद अडकला, ताईच हवी. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, ताईच हवी. तिच्याच कामातले दोन सहकारी वर हातावर हात ठेवून बसलेले. मध्येच तिच्या आईचा फोन, जेवलीस का. तिलाही नंतर बोलते म्हणाली. मग पुन्हा कोणाची तरी हाक आली आणि ताई उठली. कप माझ्या डोक्यावरच.

मित्रांनो, आमच्यावरची धूळ पुसा, राबणाऱ्याला विसावा द्या, हे तुम्हाला सांगणं. ताईला मात्र मी पंख्याच्या घरघरीतून मोठ्याने सुनावलं:

"आधी कप उचल, बाई. माझ्यावरची खूण विरू दिलीस, आता तुझ्यावरचीही विरू दे. दर हाकेला तूच धावलीस, तर लोकांना दुसरी वाट सापडायची कधी?"