मोठ्यानं वाच

थोमने तो शब्द तिसऱ्यांदा उच्चारला, तेव्हा येसोलने पेन्सिल खाली ठेवली.

"आई, आग की गवत?"

"गवत. गाय खाते ते."

"मग तसं म्हण ना! तू आग म्हणालीस."

थोमने ओठ आवळले, श्वास घेतला आणि पुन्हा म्हणून पाहिले. तिच्या कानाला ते बरोबरच वाटत होते. बुल म्हणजे आग, फुल म्हणजे गवत, आणि ओठ घट्ट दाबून म्हटले की तेच शिंग. व्हिएतनाममधून लग्न होऊन ती कोरियातल्या या वांदो बेटावर आली, तेव्हापासून सासरची ही भाषा तिला बाजारात, बोटीवर, नवऱ्याच्या रागालोभात सगळीकडे पुरली होती. दुसरीतल्या मुलीला श्रुतलेखन घालताना मात्र ती तोकडी पडत होती.

भिंतीशी लसूण सोलत बसलेल्या सासूला राहवले नाही.

"कुणाला विचारतेस गं बाळा! तुझी आई गवताला आग लावून मोकळी होते."

येसोल खुदकन हसली. थोमही हसली. हसले नाही तर सासूबाई आणखी एक टोला लगावतात, हे तिला माहीत होते.

"मग आजी, तू घाल ना शब्द."

"माझे डोळे कुठं चालतात आता?" म्हातारी म्हणाली. सुईत दोरा तिचा पहिल्या फटक्यात जाई. पण शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. घरात सगळ्यांना ते ठाऊक होते. कुणी बोलत नसे.

शाळेतल्या बाईंनी थोमला बोलावून घेतले, तेव्हा त्या फार हळुवारपणे बोलल्या.

"मुलगी हुशार आहे हो. पण तिच्यापाशी शब्दच कमी आहेत. गणित येतं, पण उदाहरणातलं 'उरलेले' म्हणजे काय, ते विचारते. घरी कुणीतरी रोज तिच्याबरोबर वाचायला हवं." त्यांनी येसोलची वही मिटून बाजूला ठेवली. "तिचे बाबा घालू शकतील का श्रुतलेखन?"

दोक्सूने घातले. पहाटेपासून समुद्रात पाळलेल्या शंखांच्या पिंजऱ्यांना शेवाळाचा चारा घालून घालून त्याचे खांदे भरून आलेले असत. पहिल्या दोन संध्याकाळी तो नीट बसला. नंतर एकदा म्हणाला, "एवढं साधं येत नाही तुला?" येसोलच्या कागदावर टपटप पाणी पडले. तो उठला, टीव्हीपुढे जाऊन आडवा झाला, आणि तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी थोम कामावरून थेट, शेवाळाच्या वासाच्याच कपड्यांत शाळेच्या वाचनालयात गेली आणि चित्रांचे एक पुस्तक घेऊन आली.

"शब्द नाही घालणार मी आता," ती मुलीला म्हणाली. "तू वाच. मोठ्यानं वाच. मला ऐकायचंय."

येसोल अडखळत वाचू लागली. एका पानावर ससा ओशाळला.

"ओशाळला म्हणजे?" थोमने विचारले.

"म्हणजे... लाज वाटली. पण मोठी नाही, बारकी लाज." येसोलने पेन्सिलीचे टोक चावले. "आजी हाक मारते आणि तू डुलकी काढत असतेस, मग दचकून उठतेस, तेव्हा तुझं तोंड होतं ना? ते."

"डुलकी काढते, ते बरीक खरं," पलीकडून सासूबाई म्हणाल्या.

थोमला तो शब्द खरोखरच माहीत नव्हता. पुढचेही पुष्कळ नव्हते. पण उन्हाळा येईतो तिच्या लक्षात आले की, एखादा शब्द कळला नाही असे म्हटले की मुलगी पाठ ताठ करते, हातवारे करते, एका शब्दासाठी दहा शब्द शोधून आणते. तेव्हापासून कळलेले शब्दही तिला कळेनासे झाले. "बंदर म्हणजे?" असे ती शेवाळ उतरवून बंदरावरून आल्या आल्या विचारी. येसोल कपाळावर हात मारून घेई आणि सांगू लागे. टीव्हीपुढे पडलेला दोक्सू कधीकधी आवाज कमी करी.

शरद ऋतू लागला, तोवर श्रुतलेखनात येसोलची चूक निघेनाशी झाली होती. बाईंनी तिला साऱ्या शाळेपुढे उभे करून एक गोष्ट वाचायला लावली. सासूबाईंनी ते गावच्या बायकांना इतक्यांदा सांगितले की, त्या बायका त्यांना पाहून वाट बदलू लागल्या.

कापणीच्या पौर्णिमेच्या सणाला वन्सं ग्वांगजू शहराहून आल्या. मीग्योंग त्यांचे नाव. नवरा बँकेत, मूलबाळ नाही. त्यांनी नासपतीची पेटी खाली ठेवली, तर येसोलने पेटीवरचा बारीक मजकूर धडाधडा वाचून दाखवला आणि 'निर्यातीसाठी' म्हणजे काय, तेही न विचारता सांगून टाकले.

नासपती सोलणाऱ्या वन्संच्या हातातली सुरी थांबली.

"दादा, ही पोर तू इथं शेवाळात कुजवणार आहेस?"

दोक्सूने ताटलीतली एक साल उचलली.

"माझ्याकडे पाठव. मार्चमध्ये शाळेचं नवं वर्ष लागलं की तिथल्या शाळेत घालते. शिकवण्या लावू. बोलणंही साफ होईल."

"मी वाचते रोज तिच्याबरोबर," थोम म्हणाली.

वन्संनी नासपतीची फोड आधी तिच्याच ताटलीत ठेवली. त्या वाईट नव्हत्या.

"वहिनी, तुम्ही केलंत ते थोडं नाही. मला का दिसत नाही? पण पुढचं तुम्हाला कसं झेपायचं?"

थोमने नवऱ्याकडे पाहिले. तो नासपतीची साल बोटाला गुंडाळत होता, सोडवत होता. सासूबाईंकडे पाहिले, त्यांनी मान खाली घातली होती.

"तुला जायचंय का गं?" वन्संनी येसोलला विचारले.

"तिथलं वाचनालय तीन मजली आहे ना?" येसोल म्हणाली. मग आईच्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघून तिच्याजवळ सरकली, तळहातावर तळहात ठेवत समजावू लागली, "तीन मजली म्हणजे, एकावर एक—"

"कळतं मला," थोम म्हणाली.

मार्चमध्ये येसोल गेली. सुरुवातीला ती रविवारी फोनवर एखादे पान वाचून दाखवी. पुढे रविवारीही शिकवणी सुरू झाली. फोन आला की ती भरभर बोले, मधूनच आत्याला काहीतरी सांगे, हसे. "हो, हो," एवढेच थोमच्या तोंडून येई. आता खरोखरच कळत नाहीत असे शब्द पुष्कळ असत, पण "म्हणजे?" विचारायला जागाच सापडत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी चार दिवसांसाठी आली. उंच झाली होती. थोमने आदल्या दिवशीच वाचनालयातून पुस्तक आणून ठेवले होते. येसोलने ते हातात घेतले, चाळले, गोड हसली.

"हे लहान मुलांचं आहे, आई." तिने पिशवीतून स्वतःचे जाडजूड पुस्तक काढले. त्यात चित्रे नव्हती.

दुपारी ती पंख्यापुढे पालथी पडून वाचत होती. थोम कामावरून आली, हातपाय धुऊन तिच्या शेजारी बसली. बराच वेळ बसली. मुलीचे डोळे ओळींवरून सरकत होते, पान उलटत होते. ओठ हलत नव्हते.

"मोठ्यानं वाच ना."

"मनातल्या मनात लवकर होतं." येसोलने मान वर केली नाही. "मोठ्यानं लहान मुलं वाचतात."

"काय आहे गोष्ट?"

"खूप मोठी आहे गं. मागचं सगळं सांगावं लागेल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, तुच्छता नव्हती. ती फक्त गोष्टीत होती. पुढच्या पानावर काहीतरी मजेचे आले असावे, कारण ती एकटीच हसली. थोमनेही हसून पाहिले. नंतर पंखा जरासा मुलीकडे वळवून ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी एकेक करून, आवाज न होऊ देता लावू लागली.

अंगणातून सासूबाई शेवाळाची टोपली ओढत, बडबड करत आत आल्या.

"अगं, कुठं मेली सगळी? सुट्टीला आलीय म्हणून लाडाची लेक नुसती लोळणार काय—"

थोम दाराशी गेली. तिने ओठांवर बोट ठेवले.

"हळू, आई," ती म्हणाली. "वाचतेय ती."